क्योटोच्या न्हाणीघराचं पान

तात्या,

तू गेलास त्याला आज सतरा दिवस झाले. तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलं होतं. आता वहिनी आणि मी. दुपारचे दोन झाले की मी अजून दौत-टाक घेऊन तुझ्या खाटेपाशी बसते. तू सांगायचास आणि मी लिहायची, ती ही वेळ. पहिले दोन दिवस नुसतीच बसून उठले. आज वाटलं, तुझं सांगणं थांबलं, पण माझं लिहिणं थांबायला कोणी सांगितलं आहे? म्हणून तुलाच लिहिते. तोंडानं मला कधी नीट भांडता आलं नाही. तू आवाज चढवलास की माझा आत जायचा. कागदावर तरी तुला माझं ऐकून घ्यावं लागेल.

आपलं भांडण अर्धं राहिलं आहे, आणि परवा पुण्याच्या छापखान्याचे गृहस्थ तुझ्या पुस्तकाची वही न्यायला येणार आहेत. त्या आधी ते मला संपवायचं आहे.

तुझा हात कापायला लागला तेव्हा तू वहिनीला म्हणालास, "आता जपानचं पुस्तक राहिलंच." मी भाजी निवडत होते. खाली मान घालूनच म्हटलं, "मी लिहीन." तू हसलास. चौथी झालेल्या बहिणीकडून पुस्तक लिहून घेणार, म्हणालास, आणि दुसऱ्या दिवशी कर्जतच्या बाजारातून जाड वही आणवलीस. माहेरी परत आलेल्या बाईला कामाला तोटा नसतो, पण तिची वाट कोणी बघत नाही. दुपारी दोनला तू माझी वाट बघायचास. जरा उशीर झाला तर "अंबू, आज बोट चुकणार का?" म्हणून हाक मारायचास. एवढं मी तुला कधी बोलून दाखवलं नाही. ते आधी लिहून टाकते, म्हणजे पुढं रागानं लिहिताना राहून जायला नको.

मी कल्याणच्या पुढं गेले नाही. पण कोबे मला ठाऊक आहे. पेढीच्या कामानं तू तिथं राहिलास ते शहर. बंदराला पाठ केली की डोंगर अंगावर येतो, आपल्या भिवपुरीला येतो तसा, आणि त्याच्या पायथ्याशी घरं दाटीनं बसलेली. ओसाकाला रस्त्यांच्या जागी पाणी, आणि पाण्यावर इतके पूल की तू मोजायचं सोडून दिलंस. धुरांडी एवढी की सकाळी चढवलेली पांढरी गळपट्टी दुपारी काढून खिशात घालावी लागे. टोकियोला तू भूकंपानंतर गेलास. सगळ्या शहराला ताज्या फळ्यांचा वास येत होता, म्हणालास, आणि जिकडेतिकडे करवती चाललेल्या. एक म्हातारा जळक्या जोत्यावर कुंडी ठेवून तिला पाणी घालत होता. घर अजून उभं राहायचं होतं.

स्टेशनात गाडी थांबली की शेकडो माणसं लाकडी पादत्राणं वाजवत उतरतात, जशा काही शेकडो खडावा एकदम निघाल्या. ते लिहिताना मी विचारलं होतं, "त्या आवाजात बोललेलं ऐकू येतं का?" तू थांबलास. मग म्हणालास, "बोलत नव्हतेच गं ते. हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. लिही, बोलत नव्हते." ती ओळ पुस्तकात आहे. माझ्या एका प्रश्नानं तुझ्या पुस्तकात एक ओळ वाढली, म्हणून त्या दिवशी माझ्या हातून आमटीत दोनदा मीठ पडलं. तू मात्र गुपचूप जेवलास.

नारा गावातल्या हरणांवरून आपण भांडलो. बाजारात हरणं मोकळी फिरतात आणि खाऊ दाखवला की मान वाकवून नमस्कार करतात, असं तू सांगितलंस.

"हे मी नाही लिहिणार," मी म्हटलं. "लोक म्हणतील थापा मारतो."

"मी बघितलंय."

"हरणानं नमस्कार केलेला?"

"दोनदा. दुसऱ्यांदा माझी टोपी खाल्ली. ते नको लिहूस."

हरणांचं मला खोटं वाटलं आणि ते खरं होतं. आणि जे मी कधी शंका न घेता खरं मानलं, ते तसं नव्हतं. भांडण त्याचंच आहे.

तू क्योटोला रेशमाच्या खरेदीसाठी तीन महिने गेला होतास, तिथून आलेलं तुझं पत्र. ओसरीवर अर्धं कडाव गाव जमलं होतं. जपानचं पत्र म्हटलं की यायचेच सगळे. बाबांना डोळ्यांनी अक्षर लागेना, मास्तर गावाला गेलेले. मी नुकतीच सासरचं सगळं संपवून आले होते, कोणाच्या समोर जात नव्हते. बाबा म्हणाले, "दाराआडून वाच." मी दाराआडून वाचलं. तू लिहिलं होतंस की हे लोक तोंडावर कंबरेत वाकतात, पण मनातून आपल्याला हलकं लेखतात. मी जिथं उतरलोय त्या घरचा मी पाहुणा. पहिले आठ दिवस मला आंघोळीला पहिला मान होता. आता घरच्या सगळ्यांची आंघोळ झाल्यावर, सगळ्यांच्या अंगाचं पाणी ते मला देतात.

मग कोणीतरी म्हणालं, "गोऱ्यांचं एक समजतं. हे तर आपल्यासारखे भात खाणारे." बाबा त्या दिवशी पानावरून उठले. तेव्हापासून आपल्या गावात जपान म्हटलं की, पाहुण्याला उष्ट्या पाण्यात बसवणारे लोक, एवढंच ठरलेलं आहे. तुझ्या तेराव्यालाही एकजण तेच बोलला. तात्या, पत्र तू लिहिलंस, पण गावानं ते ऐकलं माझ्या आवाजात. चारचौघांत मी आयुष्यात एकदाच काही वाचलं, ते हेच पत्र.

ते पत्र तू पुस्तकात जसंच्या तसं घातलंस. 'जपानी स्वभाव' म्हणून. मी ते दुसऱ्यांदा लिहिलं.

मग मार्गशीर्षातली ती दुपार. तू क्योटोच्या रस्त्यांचं सांगत होतास. अरुंद गल्ल्या, लाकडी जाळ्यांची घरं, पाणी मारून ठेवलेले उंबरे, आणि डोंगरातल्या गावांतून डोक्यावर मोळ्या घेऊन शहरात येणाऱ्या बायका. "निळी वस्त्रं, पांढरे रुमाल, ताठ माना. जणू भिंतीवरचं चित्र चालू लागावं," असं सांगितलंस. मी लिहीत होते. त्याच वेळी वाडीवरची बुधी अंगणात आपली मोळी टाकून पायरीवर टेकली होती. ठाकरांच्या बाया सहसा बसत नाहीत, पण तुझ्या गोष्टी तिला आवडायच्या.

"चित्र काय त्यात," बुधी म्हणाली. "मान ताठ नाय ठेवली तर मोळी पडंल. त्या बाया लाकडं कुटं न्यायच्या रं तात्या?"

"घरोघर. आंघोळीचं पाणी तापवायला."

"तू व्हतास त्या घरी पन?"

"तिथंही."

"किती जनांचं पानी?"

"एकदाच तापवतात. मोठं लाकडी पिंप असतं, लोखंडी तळाचं, चुलीवर बसवलेलं. बाहेर बसून अंग धुवायचं, स्वच्छ व्हायचं, आणि मग नुसतं गळ्यापर्यंत पाण्यात बसायचं. एकामागून एक सगळे त्याच…"

तू थांबलास. मी टाक उचलून वाट बघत राहिले. मग तू हसत हसत सांगायला लागलास, जसं दुसऱ्या कोणाची फजिती सांगावी. पहिल्या दिवशी घरच्या म्हातारीनं तुला मानानं पहिलं आत पाठवलं. तू पिंपात बसलास. बाहेर आल्यावर तुला वाटलं, आपण यात बसलो, हे पाणी आता आपलं उष्टं. ते मागं ठेवून जाणं म्हणजे दुसऱ्याला बाटवणं. आपल्या घरी असं कोणी करील का? म्हणून तू तळाचं बूच काढलंस, सगळं पाणी सोडून दिलंस, पिंप घासलंस, कोरडं केलंस. आठ दिवस. रोज. आणि रोज मनात म्हणायचास, बघा, हिंदुस्थानातला माणूस किती स्वच्छ.

नवव्या दिवसापासून म्हातारीनं तुला शेवटी पाठवायला सुरुवात केली. तू रागावलास, जेवण कमी केलंस, ते पत्र लिहिलंस. महिन्यानं कामासाठी दोन दिवस कोबेला गेलास तेव्हा पेढीवरच्या एका गुजराती सोबत्याला हा अपमान सांगितलास. तो पोट धरून हसला. "अरे, तू बूच काढत होतास? मग तुला शेवटी घालतील नाहीतर काय करतील?"

तू सांगून हसलास. मीही हसले. बुधी हसली नाही.

"आठ दिस दोनदा पानी तापवलं त्यांनी?"

"हो, तसंच म्हणायचं."

"मंग मोळ्या दुप्पट लागल्या. ती म्हातारी काय बोलली नाय?"

"नाही."

"बोलंल कशी. पावना हाय." तिनं चुंबळ झटकून डोक्यावर ठेवली. "तुला शेवटी घातलं आनि मंग तू कितीबी पानी सोड. तुझा मान बी राहिला, लाकडं बी वाचली. शानी हाय म्हातारी."

ती गेली. तू खाटेवर सरळ बसलास. मग म्हणालास, "हे सगळं लिही." मी लिहिलं. एक पान आणि वर चार ओळी. सगळ्या वहीत तेवढंच पान असं आहे की तू सांगताना एकदाही मागं जाऊन शब्द बदलला नाहीस.

ते लिहून झाल्यावर मी विचारलं, "मग कळल्यावर तू म्हातारीची माफी मागितलीस का?"

"भाषा कुठं येत होती मला?"

"वाकता तर येत होतं."

एवढं मी तुला आयुष्यात कधी बोलले नव्हते. दुसऱ्या दिवशी बसल्याबरोबर म्हणालास, "कालचं पान काढून टाक."

आठ दिवस आपण त्यावरून भांडलो. म्हणजे तू भांडलास, आणि मी पान काढलं नाही. तू म्हणालास माझं हसं होईल. मी म्हटलं, हरणानं ज्याची टोपी खाल्ली त्यानं हशाला काय भ्यायचं. तू म्हणालास लोक पुस्तक घेतील ते जपाननं कारखाने कसे काढले हे वाचायला, माझी न्हाणीघरं कोणाला हवीत. शेवटी एकदा हळू आवाजात खरं कारण सांगितलंस. "परत आल्यावर बाबा तीन वर्षं होते. मी त्यांना कधी सांगितलं नाही. ते पत्र खरं मानून गेले ते. आता परक्या माणसांना सांगत फिरू?"

त्याचं उत्तर आज लिहिते, ते ऐक. बाबांना सांगायचं राहिलं, ते आता कशानंच भरून येणार नाही. पण ते राहिलं म्हणून सगळ्यांचंच राहू द्यायचं, हे मला पटत नाही. एका म्हातारीनं आपल्या माणसाला एका शब्दानं न दुखवता सांभाळून घेतलं, आणि त्याबद्दल कडावात तिचं नाव वाईट आहे. ते मी वाचून केलं आहे. तुझं पत्र छापून आलं तर ते कडावात राहणार नाही, सगळीकडे जाईल.

आजारी पडायच्या आदल्या दुपारी तू विचारलंस, "काढलंस पान?"

"नाही."

"काढ."

"उद्या."

मी उद्या म्हटलं ते खोटं होतं. मला ते कधीच काढायचं नव्हतं. तुझ्याशी बोललेला शेवटचा धड शब्द तो, आणि तो खोटा. याचं वाईट मला जन्मभर वाटत राहील. पण वाईट वाटतं म्हणून पान काढणार नाही.

काल वहिनीला सांगितलं. ती तांदूळ पाखडत होती. म्हणाली, "माणूस गेलं, आता त्याचं हसं करायचं का? ते नको म्हणाले होते ना?"

"म्हणाले होते."

"मग झालं तर."

मी म्हटलं, "एकदा वाचून दाखवते. मग तू सांग." वहिनीला वाचता येत नाही, आणि तुझ्या पुस्तकातलं तू तिला कधी काही ऐकवलं नव्हतंस. तू म्हणायचास, तिला काय गोडी त्याची. मी वाचलं. तिचं सूप थांबलं होतं. संपल्यावर तिनं ते खाली ठेवलं. मग म्हणाली, "मला का नाही सांगितलं हे?"

मी वही मिटली.

"आल्यावर दोन महिने घंगाळात उतरून बसायचे, बाहेर यायचे नाहीत. मी म्हणायची, पाणी निवलं, उठा आता. तर म्हणायचे, बसू दे जरा. मला वाटायचं, प्रवासानं काहीतरी झालं असेल." तिनं पदर डोळ्यांना लावला आणि लगेच खाली केला. "तुला सांगितलं. त्या बुधीला सांगितलं. मला नाही."

तात्या, तिचं हे तुझ्यापर्यंत पोचवणं माझं काम आहे, म्हणून लिहिलं. तुझी बाजू घेऊन तिला काही सांगावं, असं मला सुचलं नाही.

चुलीपाशी जाताना ती म्हणाली, "ठेव ते पान. पण त्या गृहस्थांशी तू बोल. मी बाहेर येणार नाही."

इथवर परवा लिहिलं होतं. आज ते गृहस्थ येऊन गेले.

सकाळीच कर्जतहून गाडी करून आले. ओसरीवर बसले, तुझ्याबद्दल चार शब्द चांगले बोलले. वहिनीनं आतून चहा पाठवला. त्यांनी विचारलं, "बोलायला घरात कोणी पुरुष माणूस?" मी दाराआड होते. म्हटलं, "नाही." आणि मग बाहेर आले. वही दोन्ही हातांनी धरली होती.

त्यांनी तिथंच वही चाळली. तुझ्या ओसाकाच्या पुलांवर बोट ठेवून मान डोलावली. तुझं पत्र मोठ्यानं वाचलं आणि म्हणाले, "हे जोरदार आहे." मग पुढं न्हाणीघराचं पान आलं. वाचलं, आणि त्यांनी खिशातून शिसपेन्सिल काढली.

"हे जरा बाजूला ठेवू," म्हणाले. "मागच्या मजकुराला छेद जातो. शिवाय लेखकाला कमीपणा."

"नाही," मी म्हटलं.

त्यांना ऐकू आलं नाही. "काय म्हणालात?"

"ते पत्र छापायचं तर त्याच्या मागोमाग हे पान छापायचं. हे नको असेल तर वही राहू दे इथंच."

"बाई, पुस्तक तुमच्या बंधूंचं. त्यांची इच्छा काय होती?"

तात्या, इथं मला खोटं बोलता आलं असतं. तू नाहीस, कोण विचारणार होतं? मी म्हटलं, "काढून टाक म्हणाले होते."

त्यांनी वहीतून मान वर केली. "मग ठेवायचं कोण म्हणतं?"

"मी."

आतून कप-बशीचा आवाज आला, आणि मग वहिनीचा, दारामागून, "आणि मी."

त्यांनी पेन्सिल तशीच हातात ठेवली. चहा घेतला. मग ते पान पुन्हा पहिल्यापासून वाचलं, या वेळी सावकाश. बुधी बोलते तिथं थोडे हसले. वाचून झाल्यावर म्हणाले, "घालू. पण या म्हातारीचं नाव नाही कुठं. नुसतं म्हातारी, म्हातारी. एवढं लिहिलंय तर नाव द्या."

मी आत येऊन सगळी वही पालथी केली. कोबेच्या पेढीवरच्या प्रत्येकाचं नाव आहे, ओसाकाच्या पुलांची आहेत, बोटीच्या कप्तानाचं आहे. तिचं नाही. तू तीन महिने तिच्या घरी राहिलास आणि सांगितलं नाहीस. मी अख्खं पान लिहिलं आणि विचारलं नाही. आता विचारायला कोणी उरलं नाही.

गृहस्थ बाहेर थांबले होते, गाडीवाला बैलांना पाणी दाखवत होता. मी दौत उघडली आणि त्या पानाच्या खाली, जिथं तुझं सांगणं संपतं तिथं, एक ओळ लिहिली: 'या बाईंचं नाव विचारायचं राहून गेलं, याचा दोष लिहून घेणारीकडे आहे.'

मग वही फडक्यात बांधून त्यांच्या हातात दिली. सगळ्या पुस्तकात ती एकच ओळ तू सांगितलेली नाही. ती तू ऐकली असतीस तर नक्की काढायला लावली असतीस, आणि मी उद्या म्हटलं नसतं. नाहीच म्हटलं असतं.